मी मॅचला गेलो की पोरगी हरते, मी पनौती आहे का?

पत्र थोडक्यात: दापोली तालुक्यातले एक वडील लिहितायत. वय ४६, स्वतःचा टेम्पो, सीझनला आंबा घेऊन वाशी मार्केटच्या फेऱ्या आणि बाकी वर्षभर मिळेल ते भाडं. मुलगी सतरा वर्षांची, अकरावीत, सहावीपासून कबड्डी खेळते, चढाई तिची. वर्षभरापूर्वी शाळेच्या मातीवरून तिला तालुक्याच्या ठिकाणच्या एका मंडळात घातलं, तिथे मॅट आहे, कोच चांगले आहेत, आणि ते आता तिला हाताऐवजी पायाने पॉइंट काढायला शिकवतायत, टो टच (पायाचं बोट लावणं), बॅक किक (मागे पाय मारणं) वगैरे. दिवाळीपासून वडिलांनी एका पॉइंटला पन्नास रुपये असं लावलं. महत्त्वाच्या मॅचला ते भाडं सोडून जातात, बाजूला उभं राहून सूचना देतात, मोबाईलवर शूटिंग करतात आणि परत येताना टेम्पोत तिला चुका दाखवतात. अशा पाच मॅचपैकी चार हरल्या आणि पोरगी लवकर बाद होत गेली. उलट एप्रिल-मेमधे ते वाशीच्या फेऱ्यांत अडकलेले असताना ती गावोगावच्या तीन स्पर्धा खेळली, दोन संघाने जिंकल्या, एकीत तिला उत्कृष्ट चढाईचं बक्षीस. आता घरात चेष्टा चालते, 'बाबा नको, बाबा पनौती'. आई म्हणते देवळात गाऱ्हाणं घालून घेऊया. पुढच्या महिन्यात जिल्ह्याची निवड चाचणी आहे. वडिलांचे प्रश्न: जाऊ की नको? तिची जिद्द कमी पडतेय का? पॉइंटला शंभर करू आणि निवड झाली तर स्कूटी कबूल करू का? आणि शेवटी एका ओळीत, मॅटचे बूट घेताना काय बघू?

दादा,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाईट वाटलं, दुसऱ्यांदा थोडं हसू आलं, राग मानू नका, पण ज्या माणसाने आंब्याचा पैसा पोरीच्या कबड्डीत घातला, भाडी सोडली, त्यालाच घरात पनौती म्हणायला लागले म्हणजे काय बोलायचं. तुमच्या लिहिण्यात ते लागलेलं दिसतं. चेष्टा म्हणून लिहिलंय तुम्ही पण चेष्टेचं माणूस पत्र लिहून विचारत नाही.

आधी पनौतीचं मिटवू. तुम्हीच लिहिलंय की महत्त्वाच्या मॅचला भाडं सोडून जातो. म्हणजे कुठल्या मॅचला? सेमीफायनल, फायनल, चिपळूण-रत्नागिरीचा तगडा संघ समोर असेल अशा. साध्या मॅचसाठी कोण भाडं सोडणार? आणि मेमधे ती जिथे खेळली त्या गावच्या स्पर्धा, वाडीच्या मंडळांच्या, समोर निम्म्या पोरी नुकत्याच खेळायला लागलेल्या. तुम्ही कठीण मॅच निवडून निवडून बघितल्यात आणि सोप्या सगळ्या तुमच्या मागे झाल्या, मग हिशोब असाच येणार ना. शिवाय सगळे मिळून आठ प्रसंग आहेत हो. आठात काय सिद्ध होतंय? कबड्डी एवढी बारीक चालते की २०१८ ला जकार्ताच्या एशियन गेम्समधे आपल्या बायकांचा संघ फायनलला इराणकडून २७-२४ ने हरला आणि पुढच्या एशियन गेम्सला, २०२३ मधे हांगझोला, चायनीज तैपेईला २६-२५ ने हरवून सुवर्ण घेऊन आला. एका पॉइंटने. त्यात कोणाचा बाप कुठे बसला होता ते शोधायला गेलो तर वेड लागेल.

गाऱ्हाण्याला माझी ना नाही. घाला. पोरीच्या आईला बरं वाटेल आणि तिला बरं वाटलं की चाचणीपर्यंत घरात जरा शांतता राहील, ती पण लागतेच. फक्त पोरीसमोर 'बाबांची नजर' वगैरे विषय नको, सतरा वर्षांच्या डोक्यात असलं काही बसलं की ते मॅटवर तिच्या सोबत येतं.

पण दादा, पनौती नाही म्हणजे तुमच्या असण्याने काहीच फरक पडत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. पडत असणार. तो नशिबाचा नाही, एवढंच, आणि म्हणूनच त्यावर काही करता येतं.

एक गंमत सांगते. १९६९ साली झायोंक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने त्याच्या दोन सहकाऱ्यांबरोबर झुरळांची शर्यत लावली होती. खरंच. सरळ नळीतून पळायचं, आणि बाजूला पारदर्शक खोक्यांत दुसरी झुरळं प्रेक्षक म्हणून बसवलेली. प्रेक्षक असले की झुरळं जास्त जोरात पळाली. मग त्यांना सरळ नळीऐवजी वळण घ्यावं लागेल अशा रस्त्यात सोडलं, तर तेच प्रेक्षक असताना जास्त वेळ लागायला लागला. त्याचं म्हणणं असं की बघणारं कोणी असलं की अंग तापतं, आणि तापलेल्या अंगाने जे पक्कं मुरलेलं आहे ते आणखी चांगलं होतं आणि जे अजून शिकणं चालू आहे ते बिघडतं. माणसांवरही हे बऱ्याचदा बघितलं गेलंय.

आता तुमच्या पोरीकडे बघा. मातीवर चारेक वर्षं अनवाणी खेळलेली, हाताने पॉइंट काढणारी पोरगी. तिला मॅटवर आणलं, पायात बूट आले, पायाची पकड बदलली, वळताना पाय कुठे थांबतो तेच बदललं. त्यात कोच हात सोडून पायाने खेळायला शिकवतायत. म्हणजे ती सध्या वळणाच्या रस्त्यावर आहे. गावच्या स्पर्धेत बहुतेक माती होती, जुनीच सवय कामाला आली असेल. आणि मोठ्या मॅचला मॅट, नवीन चाल, समोर तगडी पोरं, वर बाजूला उभा बाप आणि त्याच्या हातात चालू कॅमेरा. जिद्द कमी पडतेय असं मला यात कुठेच दिसत नाही. उलट मला वाटतं ती फार जास्त प्रयत्न करतेय, प्रत्येक पाऊल डोक्याने टाकतेय, आणि चढाईत पाऊल डोक्याने टाकलं की संपलं, समोरची कोपऱ्यातली पोर तोपर्यंत घोट्याला लटकलेली असते.

तुमच्या ओरडण्याचं पण याच हिशोबात धरा. तीस सेकंदांची चढाई, तोंडाने कबड्डी कबड्डी चालू, समोर सहा-सात जणी, हात धरून उभ्या बचाववाल्यांची साखळी कुठून वळतेय ते बघायचं, बोनसची रेषा, आणि कोच एक सांगतायत नि बाबा दुसरं. ती कोणाचं ऐकणार? मी वीसेक वर्षं शाळेत खेळ शिकवला, बाहेरून ओरडणाऱ्या पालकाचं ऐकून पोराने पॉइंट काढलाय असं मला एकदाही आठवत नाही. बाद झालेले आठवतात.

आता पैशाकडे येते, कारण माझ्या मते खरी गडबड तिथे आहे आणि तुम्हाला तेच वाढवायचंय.

मी स्वतः हे केलंय म्हणून सांगते. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मी मुलींना लावलं होतं, मॅचमधे सगळ्यात जास्त पॉइंट काढेल तिला मोठी कॅडबरी. दोन आठवडे धमाल आली. मग माझ्या लक्षात आलं की कोपऱ्यात खेळणारी माझी सगळ्यात चांगली पोरगी चढाईसाठी भांडायला लागलीय आणि साखळीत हात धरून उभं राहायला कोणी तयार नाही. कारण साखळीत हात धरून उभं राहण्याचे पॉइंट कोणाच्या नावावर लागत नाहीत. मग मी कॅडबरी सगळ्यांना वाटून विषय संपवला, पण त्या वर्षी संघ काही परत बसला नाही.

तुम्ही तर गाडीचं गणित जाणता. पाच पॉइंटची लीड आहे, शेवटची दोन मिनिटं राहिलीत, अशा वेळी चढाईला जाऊन वेळ काढायचा आणि काही न करता सुखरूप परत यायचं, ही मोठी चढाई असते. तिची किंमत तुमच्या दरपत्रकात शून्य. आणि तिथे जाऊन उगाच हात घालून एक पॉइंट घेतला तर पन्नास रुपये, आणि तो घेताना बाद झाली तर संघ अडचणीत. म्हणजे शहाण्यासारखं खेळली तर तोटा आणि आगाऊपणा केला तर चान्स. ती पैशासाठी तसं खेळते असं मी म्हणत नाही, हिशोब करून खेळत असेल असंही नाही, पण घरी गेल्यावर 'किती?' हा प्रश्न येणार हे तिला माहितीये ना. दोन-तीन चढायांतच बाद होणारी पोरगी म्हणजे घाईवर असलेली पोरगी, मला तर असंच दिसतं.

दुसरी बाजू आणखी खोल आहे. १९७३ साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी बालवाडीतली अशी मुलं निवडली ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडायचं. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का नि रिबीन लावलेलं सर्टिफिकेट देऊ. काहींना आधी न सांगता नंतर दिलं. काहींना काहीच नाही. मग एक-दोन आठवड्यांनी वर्गात पेनं नुसती ठेवून दिली आणि लांबून बघत बसले. ज्यांना बक्षीस आधी कबूल केलं होतं त्यांनी पेनांना बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ दिला. न सांगता बक्षीस मिळालेल्यांचं काहीच बिघडलं नव्हतं. मुलं तीच, पेनं तीच. पण आता चित्र काढणं हे काम झालं होतं आणि कामाचा मोबदला बंद होता. पुढे १९९९ मधे डेसी, कोएस्टनर आणि रायन यांनी असले १२८ प्रयोग एकत्र करून बघितले, तर सरासरीने तेच निघालं, आधी कबूल केलेल्या वस्तू-पैशाने आतली आवड उतरते, आणि चांगल्या शब्दाने वाढते.

म्हणून पॉइंटला शंभर नको. पन्नास पण बंद करा. मात्र बंद करायची पद्धत महत्त्वाची, कारण हरल्यावर बंद केलेत तर तिला ती शिक्षा वाटेल. एक दिवस निवांत बघून सरळ सांगा की बाबाची आयडिया चुकली, तुझा काही दोष नाही, आजपर्यंतचा हिशोब चुकता करतो आणि यापुढे तुझा प्रवास, अंडी-दूध, बूट, नीकॅप, जे लागेल ते मी बघणार, तू जिंकलीस तरी आणि तिसऱ्या सेकंदाला बाद झालीस तरी. घरातला पैसा तोच जाईल, फक्त पॉइंटची अट सुटेल. आणि एखाद दिवशी मनात आलं म्हणून वडापाव खायला थांबलात, आइस्क्रीम घेतलं, तर खुशाल घ्या, ते दर ठरवून दिलेलं नाही.

स्कूटीचं तर वेगळंच. अठरा पूर्ण झाल्याशिवाय नेहमीच्या स्कूटीचं लायसन मिळत नाही, तिला अजून वर्ष आहे, मग कबूल करून दारात झाकून ठेवणार का? चेष्टा सोडा. पण निवड होणं हे तिच्या एकटीच्या हातात नाही, त्या दिवशी निवड समितीला कोपरारक्षक हवे असतील आणि चढाईवाल्या भरपूर असतील तर चांगली खेळूनही नाव येत नाही. जे हातात नाही त्याच्यावर स्कूटी टांगलीत तर ती मॅटवर चढाईला जाणार नाही, स्कूटी वाचवायला जाणार. कॉलेजला जायला गाडी लागणारच असेल तर बारावीनंतर परवडेल तेव्हा घ्या, कबड्डीशी तिचा संबंध नको.

तुम्ही म्हणाल, बाई तुम्हाला सांगायला काय जातंय, आम्हाला हिच्या पुढचं बघायचंय, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, ग्रेस मार्क आहेत, टेम्पोवाल्याच्या पोरीला दुसरं काय आहे. बरोबर आहे. मी त्याला नावं ठेवत नाही. पोटासाठी खेळणं यात काही हलकं नाही, आपल्याकडे अर्धी कबड्डी रेल्वे, पोलीस आणि बँकांच्या संघांवर उभी राहिली. फक्त फरक एवढाच बघा की 'मला पोलिसात जायचंय म्हणून मी खेळते' हे तिचं वाक्य आहे की तुमचं. तिचं असेल तर ते पण आतूनच आलेलं, त्याने ती पहाटे पाचला उठेल. तुमचं असेल तर तुम्हीच उठवत राहणार.

हे मघाचे डेसी आणि रायन, त्यांचं सगळं आयुष्य याच विषयात गेलं, आणि त्यांचं म्हणणं असं की माणूस आतून खेळायला तीन गोष्टी लागतात. निर्णयात आपला हात असणं, आपल्याला जमतंय असं वाटणं, आणि आपली माणसं आपली आहेत ही खात्री. तुमच्या पोरीचं एकेक बघू. मंडळ तुम्ही निवडलंत, चढाईचे दर तुम्ही लावलेत, मॅचनंतर काय बोलायचं ते तुम्ही ठरवता, निर्णय तिच्याकडे नक्की कुठला राहिला? जमतंय असं वाटायचं तर नवीन चाल शिकताना माणूस आधी खाली जातो मग वर, तो खाली जाण्याचा काळ आहे आणि त्याचंच तुम्ही शूटिंग करताय. राहिली आपली माणसं. ती आहेत, भाडं सोडून येणारा बाप आहे, पण टेम्पोत बसल्यावर तो बाप राहतो की दुसरा कोच होतो, हे तुम्हीच सांगा.

टेम्पोच्या केबिनचं मला फार वाटलं हो. दीड-दोन तास, बाहेर काळोख, पोरगी घामेजलेली, गुडघा खरचटलेला, नुकतीच हरलेली, आणि उतरून जायची सोय नाही. त्यात मोबाईल समोर धरून 'ही बघ, इथे पाय मागे हवा होता'. ती गप्प बसते असं लिहिलंय तुम्ही. मी असते तर मी पण गप्पच बसले असते. हे केबिनमधलं एक बंद केलंत ना दादा, तर माझं बाकीचं पत्र नाही वाचलंत तरी चालेल.

मी मूळची कुडाळकडची. आमच्या वेळी मुलींना बाहेरगावी मॅचला पाठवायचं तर घरचं एक बाईमाणूस बरोबर लागायचं, आणि माझ्या वाट्याला माझी आत्ये. तिला कबड्डीतलं काही म्हणजे काही कळायचं नाही. मंडपात खुर्ची मिळाली की पदर डोक्यावरून घेऊन ती झोपायची, लाऊडस्पीकर कानाशी असला तरी. मॅच संपली की मी जाऊन हलवायची, मग डोळे उघडून विचारायची, 'संपला काय गो? भूक लागली असतली.' आणि पिशवीतून घावणे काढायची, सकाळचे, थंडगार. जिंकलो की हरलो ते तिने कधी विचारलंच नाही, एसटीत मीच सांगायची, आपणहून, सगळं, कुठे चुकलं ते पण. मी आयुष्यात बरी कबड्डी जी काय खेळले ती त्या झोपलेल्या बाईच्या जिवावर. तेव्हा हे कळलं नव्हतं, तेव्हा वाटायचं बाकीच्या पोरींचे वडील कसे ओरडतात, आमची मेली झोपते.

झोपा असं सांगत नाहीये तुम्हाला. पण चूक सांगायला ती स्वतः तोंड उघडते का ते बघा, त्यासाठी आधी केबिनमधे जागा रिकामी पाहिजे. पहिला प्रश्न जेवणाचा. गाणी लावा. तिने विषय काढला तर 'मग तुला काय वाटलं तेव्हा?' एवढंच, आणि उत्तर आलं की त्याला उत्तर देऊ नका. एरवी दुसऱ्या दिवसापर्यंत मॅचचा विषय नाही. शूटिंग करायची हौस असेल तर करा, पण ते कोचना पाठवा, कधी दाखवायचं आणि कुठला तुकडा दाखवायचा ते त्यांना कळतं.

आता मुख्य प्रश्न, चाचणीला जायचं की नाही. हे मी ठरवणार नाही आणि तुम्ही पण ठरवू नका, तिला विचारा. पण असं विचारा की तिला नाही म्हणता येईल. तुमच्यासमोर ती 'या ना बाबा' म्हणणार, बापाने भाडं सोडलेलं तिला माहितीये. म्हणून पर्याय द्या: आत बसू, की बाहेर टेम्पोत थांबू, की मी सोडून जातो आणि संपल्यावर फोन कर? आणि दोन दिवस जाऊ द्या, आईकडे सांगितलं तरी चालेल म्हणा. 'टेम्पोत थांबा' म्हणाली तर वाईट वाटेल, वाटू दे, ते चहाच्या टपरीवर बसून वाटून घ्या, तिच्यासमोर नको. आत या म्हणाली तर तिच्या नजरेच्या रेषेत उभे राहू नका, मागे कुठेतरी बसा, मोबाईल खिशात, आणि टाळ्या दोन्ही संघांना.

यात एक गोष्ट लोक चुकतात. पालकाला सांगितलं की तुझं प्रेशर येतंय की तो एकदम घरीच बसतो, रुसल्यासारखा. त्याने काही होत नाही, उद्या ती राज्याला खेळली तर हजारो लोक बघणार आहेत, बघणाऱ्यांची सवय तिला करावीच लागणार. सायन बायलॉक आणि थॉमस कार यांनी २००१ मधे गोल्फच्या पटवर, म्हणजे चेंडू हलकेच ढकलून भोकात घालण्यावर, हे तपासलं होतं, ज्यांनी सराव करतानाच कॅमेरा लावून, कोणीतरी बघतंय या जाणिवेत सराव केला होता ते पुढे दडपणाखाली मोडले नाहीत. म्हणजे तुम्हाला यायचंच असेल तर मॅचपेक्षा सरावाला या. सध्या पाऊस आहे, भाडी कमी असतील. आठवड्यातून दोनदा हॉलच्या कोपऱ्यात येऊन बसा, तिला आणि कोचना आधी विचारून, काही न बोलता, काही न शूट करता, अर्धा तास. पहिल्या दिवशी ती बिचकेल. चौथ्या-पाचव्या दिवशी तुम्ही तिथे आहात हे विसरेल, आणि तेच पाहिजे. कोचना पण सांगून ठेवा की चाचणीच्या आधी दोन-तीन सराव मॅच बाहेरच्या माणसांसमोर घ्या, शिट्टी, टाइम, सगळं खऱ्यासारखं.

कोचचा विषय निघाला म्हणून, मघाशी इराणचा संघ सांगितला ना, तो घडवणाऱ्या कोच आपल्या नाशिकच्या, शैलजा जैन. परक्या देशात जाऊन त्यांनी त्या मुलींची भाषा शिकून घेतली, फारसी, आणि सरावात योगासनं, प्राणायाम आणला. मला यातलं भाषेचं फार आवडतं. डावपेच दुभाष्यामार्फत पण सांगता आले असते. पण हरून आलेल्या पोरीशी दुभाष्यामार्फत काय बोलणार? तुमची नि तुमच्या पोरीची भाषा एकच आहे म्हणून तुम्हाला वाटतंय की शिकायचं काही नाही, पण तिची कबड्डी आता तुमच्या माहितीच्या पुढे गेलीय, दादा, आणि हे चांगलंच लक्षण आहे. एकदा तिलाच सांगा, मला बॅक किक समजावून सांग, अंगणात. तिला शिकवू दे. मी पालकांना हा उद्योग बऱ्याचदा दिलाय, बाप पडतो, पोरगी हसते, आणि समजावून सांगता सांगता तिची पण चाल पक्की होते.

आणखी एक, हे फक्त तुम्हाला नाही, मुली खेळणाऱ्या सगळ्याच घरांना. खेळ अचानक उतरला की आपण थेट मनावर, जिद्दीवर जातो. आधी शरीर बघा. झोप किती होते, सकाळचा सराव, कॉलेज, संध्याकाळचा सराव यात जेवण नीट होतं का, की वजनगटात बसायचं म्हणून उपाशी राहते? पाळी नियमित आहे का, हिमोग्लोबिन कधी तपासलंय का, गुडघा-घोटा दुखतोय आणि संघातून काढतील म्हणून लपवतेय असं तर नाही? हे आईने विचारायचं. आणि नवीन मंडळात जाताना-येताना, तिथल्या माणसांचं वागणं, कोणाचा काही त्रास आहे का, हे पण विचारून घ्या, सहज, एकदाच नाही तर अधूनमधून. तुमच्या पत्रात तसं काही सूचित नाहीये, पण मी हा प्रश्न कोणालाच सोडत नाही.

आणि सगळ्यात अवघड प्रश्न शेवटी ठेवलाय. तिला विचारा की तुला कबड्डीत नक्की काय आवडतं. चाचणीबद्दल नाही, करिअरबद्दल नाही, नुसतं काय आवडतं. एखादी म्हणेल रेषेला बोट लागतं तेव्हाचं, एखादी म्हणेल मैत्रिणी, एखादी म्हणेल घरातून बाहेर पडायला मिळतं. काहीही चालेल, वाडीतली जुनी माती आवडायची असं म्हणाली तरी चालेल, मग मधूनमधून त्या जुन्या मैत्रिणींबरोबर तिथे खेळू दे, हिशोबाशिवाय, पाऊस उघडला की. आणि 'आता काहीच आवडत नाही' असं म्हणाली तर घाबरू नका, लगेच उपदेश पण नको. चाचणीच्या तोंडावर थकलेली पोरगी असं म्हणते. चाचणी होऊ दे, महिनाभर जाऊ दे, तेव्हाही तेच म्हणाली तर ते तिचं उत्तर आहे असं धरायचं. मला स्वतःला तसं वाटत नाही, मेमधे तीन-तीन स्पर्धा, उन्हातान्हात, कोणी न ढकलता जी पोरगी खेळून आली तिची आवड शाबूत आहे. बाप वाशीला असताना ती कोणासाठी खेळली सांगा ना.

बुटांचं राहिलं. कंपनी कुठलीही चालेल, तळ सपाट रबराचा हवा, मॅटवर घसरणार नाही असा, आणि घोट्याला वळायला मोकळीक पाहिजे. जाड टाचेचे पळायचे बूट घेऊ नका, वळताना पाय मुरगळतो. दुकानात संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडा फुगतो, खेळायचे मोजे घालूनच माप बघायचं. आणि चाचणीच्या निदान दोन आठवडे आधी घ्या, नव्या कोऱ्या बुटांनी चाचणी नको. तिला घेऊन जा, तिलाच निवडू दे, आणि गुलाबी घेतले तर गप्प पैसे द्या.